"अमेरिका सगळ्यांचं ऐकते, कोणाला काय फरक पडतो" वाल्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यापासून जळगाव-धुळ्याच्या निम्म्या ग्रुपांमध्ये एक लांबलचक मेसेज फिरून राह्यला. हेडिंग असं की अमेरिका सगळ्या जगाचे फोन ऐकते आणि तरी सगळं जग तिच्याच दारात व्हिसाच्या लाईनीत उभं, याला म्हणतात दबदबा. खाली मुद्दे: सगळेच देश हेरगिरी करतात, जर्मनी-ब्राझील चार दिवस ओरडले आणि गप्प बसले, अमेरिकेचा एक डॉलर बुडाला नाही, भारताने तर हूं की चूं केलं नाही, आणि ऐकतात म्हणूनच अतिरेकी सापडतात. शेवटी, ताकद असली की इमेज आपोआप राहते. खाली अंगठे, टाळ्या, भुसावळच्या एका काकांचं "सौ टका खरं". काकांचा मान ठेवून सांगतो, सौ टका नाही भो, पंचवीस टका धरा.

पंचवीस टका कुठले ते आधी सांगून टाकतो. सगळेच करतात हे खरंय. जर्मनीची स्वतःची गुप्तचर संस्था बीएनडी मित्रदेशांवर नजर ठेवत होती आणि एनएसएला, म्हणजे फोन-इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला, मदत पण करत होती हे २०१५ मध्ये बाहेर आलंच. पण सगळे करतात म्हणून सगळ्यांची अब्रू सारखीच जाते असं थोडीच आहे. रशिया किंवा चीन फोन ऐकतो म्हटल्यावर कोणी दचकत नाही, कारण त्यांनी कधी स्वातंत्र्याच्या रखवालदाराचा आव आणलाच नव्हता. अमेरिकेचं वेगळं होतं. जानेवारी २०१० मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन इंटरनेटच्या स्वातंत्र्यावर जगाला भाषण देऊन राहिल्या होत्या आणि जून २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने तिथले गुप्त कागद बाहेर काढले की तेच इंटरनेट कसं चाळलं जातं. प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेच्या देशोदेशीच्या सर्व्हेत अमेरिकन सरकार आपल्या लोकांच्या स्वातंत्र्याचा मान ठेवतं का असा एक प्रश्न असतो, त्याला हो म्हणणारे जर्मन २०१३ मध्ये ८१ टक्के होते ते वर्षभरात ५८ वर आले, ब्राझीलमध्ये ७६ चे ५१ झाले. आता गंमत बघा, त्याच सर्व्हेत अमेरिकेबद्दल एकूण मत कसं आहे विचारलं तर जर्मनीचा आकडा ५३ वरून ५१, म्हणजे जवळपास तिथल्या तिथेच. मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक हा दुसराच आकडा डोळ्यासमोर ठेवलाय. लोकांना अमेरिका आवडायची थांबली नाही, फक्त स्वातंत्र्यावर ती भाषण द्यायला लागली की ऐकणारे कमी झाले.

आणि राग नुसता ऐकण्याचा नव्हता, त्यावर जे स्पष्टीकरण दिलं त्याचाही होता. ७ जून २०१३ ला ओबामा आपल्या जनतेला धीर देताना बोलले की इंटरनेट आणि ईमेलचा जो प्रोग्राम आहे तो अमेरिकन नागरिकांना लागू नाही आणि अमेरिकेत राहणाऱ्यांनाही नाही. मग उरलं कोण? तुम्ही-आम्ही, चाळीसगाव, शहादा, बर्लिन, साओ पाउलो, सगळे. मार्क झुकेरबर्गने सुद्धा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीरपणे टोमणा मारला होता की अमेरिकन लोकांवर नजर नाही हे सांगून बाहेरच्या जगात धंदा करणाऱ्या कंपन्यांना काय मदत झाली. फेसबुकवाला प्रायव्हसीवरून टोमणे मारतो हा पण एक जोकच आहे, पण मुद्दा बरोबर होता.

आता तो एक डॉलर. ब्राझीलच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांच्या स्वतःच्या संपर्कावर आणि पेट्रोब्रास या त्यांच्या सरकारी तेल कंपनीवर नजर होती असं स्नोडेनच्या कागदांत निघालं. तेलकंपनीत कोणता अतिरेकी बसला होता ते मेसेजवाल्यालाच विचारा. रावेरला केळीचा सौदा करताना समोरच्या व्यापाऱ्याला आदल्या रात्री तुमच्या घरात काय बोलणं झालं, कोणत्या भावाला तुम्ही खाली येणार, हे सगळं आधीच माहीत असेल तर तुम्ही त्याच्याकडे परत माल घेऊन जाल का? रूसेफ बाईंनी ऑक्टोबर २०१३ चा वॉशिंग्टनचा सरकारी दौरा पुढे ढकलला, संयुक्त राष्ट्रांत उभं राहून सुनावलं, आणि डिसेंबरमध्ये ब्राझीलने ३६ लढाऊ विमानांसाठी अमेरिकेच्या बोइंगला सोडून स्वीडनच्या साबचं ग्रिपेन निवडलं. साडेचारशे कोटी डॉलरचा सौदा. किंमत आणि तंत्रज्ञान देण्याची तयारी ही कारणं होतीच, सगळं एनएसएच्या माथी मारता येत नाही, पण ब्राझीलच्या सरकारातल्या माणसानेच तेव्हा रॉयटर्सला सांगितलं की या भानगडीने अमेरिकनांचं काम बिघडवलं.

जर्मनीत तेव्हाच्या चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, मर्केल यांच्या फोनवर अमेरिकेची नजर असल्याचं निघालं, मित्रांमध्ये हेरगिरी चालणार नाही असं त्या ऑक्टोबर २०१३ मध्ये बोलल्या, पुढच्या वर्षी जर्मन सरकारने व्हेरायझन या अमेरिकन टेलिकॉम कंपनीचा करार संपवायचं ठरवलं आणि सीआयएच्या बर्लिनमधल्या प्रमुखाला देश सोडायला सांगितलं. चार दिवसांचा आरडाओरडा म्हणे! युरोपातल्या लोकांचा डेटा अमेरिकेत नेण्याचा जो करार होता, सेफ हार्बर, तो युरोपच्या कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये रद्द केला, त्याच्या जागी दुसरा केला तर जुलै २०२० मध्ये तोही रद्द, कारण तेच, तिथल्या यंत्रणांना डेटामध्ये हात घालता येतो आणि युरोपच्या माणसाला दाद मागायला जागा नाही. ही केस सुरू केली ती मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियाच्या एका कायदा शिकणाऱ्या पोराने. याच डेटा नेण्यावरून मे २०२३ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुकच्या कंपनीला, १२० कोटी युरो दंड बसला. एवढे डॉलर मेसेजमध्ये कुठे मोजले?

भारताचा मुद्दा मात्र नीट बघण्यासारखा आहे, कारण इथे मेसेज निम्मा बरोबर आहे. मार्च २०१३ च्या एकाच महिन्यात भारतातून ६३० कोटी नोंदी गोळा झाल्याचा आकडा ब्रिटनच्या गार्डियन पेपरने छापला, जास्तीत जास्त नोंदी घेतलेल्या देशांच्या यादीत आपण पाचवे, वॉशिंग्टनच्या आपल्या दूतावासाचंही नाव टार्गेटमध्ये. आणि आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद म्हणतात ही खरं तर हेरगिरी नाहीच, नुसतं कॉम्प्युटरवरचं विश्लेषण! दुसऱ्याचा वकील पण एवढं बोलत नाही. पण त्याच डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये आपल्या वकिलातीतल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक करून कपडे उतरवून झडती घेतली तेव्हा दिल्लीत अमेरिकन दूतावासासमोरचे बॅरिकेड काढले गेले, सगळे पक्ष एका सुरात. म्हणजे आपल्याला राग येतच नाही असं नाही, जे डोळ्याला दिसतं त्याचा येतो, फोनची नोंद कोणाला दिसते? मग २०१४ च्या जून अखेरीस वॉशिंग्टन पोस्टने छापलं की २०१० मध्ये भाजपवर नजर ठेवायला अमेरिकेच्या गुप्त कोर्टाची परवानगी होती, तोवर भाजप सत्तेत आलेला, लगेच अमेरिकन अधिकाऱ्याला बोलावणं गेलं आणि ३१ जुलैला तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरींना पत्रकारांसमोर सांगितलं की मित्र देशाने असं केलेलं चालणार नाही. हूं पण झालं आणि चूं पण झालं.

अतिरेक्यांचं थोडक्यात. अमेरिकेच्याच सरकारी देखरेख बोर्डाने जानेवारी २०१४ मध्ये लिहिलं की सगळ्यांच्या फोन नोंदी साठवण्याच्या प्रोग्राममुळे अमेरिकेवरचा धोका टळण्यात ठोस फरक पडला असं एकही उदाहरण सापडलं नाही. परदेशी लोकांवरच्या दुसऱ्या प्रोग्रामचा उपयोग झाला असं त्याच बोर्डाने नंतर म्हटलं, तेही मान्य. पण मर्केलचा फोन त्यात कुठे बसतो?

राहिलं ताकद असली की इमेज राहते. हुआवे या चिनी टेलिकॉम कंपनीचं बघा. अमेरिका २०१९ मध्ये मित्रदेशांच्या मागे लागली की ५जी साठी चीनचं सामान घेऊ नका, चीन त्यातून तुमचं बोलणं ऐकेल. भीती खोटी नव्हती. पण जर्मनीचे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री आल्टमायर यांनी टीव्हीवर एनएसएचीच आठवण काढली, की तेव्हा आम्ही अमेरिकेवर कुठे बहिष्कार टाकला होता. अमेरिकेचे जर्मनीतले राजदूत भडकले, म्हणाले अमेरिकेला चीनच्या पंक्तीला बसवणं हा जर्मनीचं रक्षण करणाऱ्या हजारो अमेरिकन सैनिकांचा अपमान आहे. हजारो सैनिक जिथे तैनात आहेत त्याच देशाने ५जीच्या कोअर, म्हणजे गाभ्याच्या, नेटवर्कमधून चिनी सामान काढायचं शेवटी ठरवलं ते जुलै २०२४ मध्ये, आणि तेही कंपन्यांना २०२६ अखेरपर्यंत मुदत देऊन.