बारा सेकंदांचा फरक: ‘वर्ल्ड वॉर झेड’ पुस्तक आणि सिनेमा

‘वर्ल्ड वॉर झेड’च्या पुस्तकाचे चाहते सिनेमाबद्दल नेहमी एकच तक्रार करतात: पुस्तकातले झॉम्बी, म्हणजे चाव्यातून पसरणाऱ्या रोगाने मरून पुन्हा उठलेली माणसं, रखडत चालतात आणि सिनेमातले सुसाट पळतात. समोरचा म्हणतो, मग पळू देत की, त्याने काय एवढं बिघडलं? पळण्याने खरंच फार बिघडलं नाही. माझ्या मते सिनेमात खरी मोडतोड केली ती बारा सेकंदांनी. फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर ब्रॅड पिटचा गेरी लेन चावा बसलेल्या माणसाकडे बघत आकडे मोजतो. बारा होतात आणि तो माणूस संपलेला असतो, त्याच्या जागी दुसरंच काहीतरी उठतं. पुस्तकात याला तास लागतात, कधी त्याहून जास्त. या एका बदलामुळे आख्खी गोष्टच वेगळी झाली, आणि हे कुणी नीट बोलत नाही म्हणून हा लांबलचक लेख. पुढे दोन्हींमधले बरेच प्रसंग उघड होतील, तेव्हा वाचायचं-बघायचं राहिलं असेल तर इथेच थांबा.

मॅक्स ब्रुक्सची कादंबरी २००६ ची, मार्क फॉर्स्टरने दिग्दर्शित केलेला सिनेमा २०१३ चा. कादंबरीला नायक नाही. झॉम्बींशी झालेलं युद्ध संपून दहाएक वर्षं झाली आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या आयोगासाठी एक माणूस जगभर फिरून, त्यातून जिवंत राहिलेल्यांच्या मुलाखती घेतोय. त्याच्या अहवालातून वरिष्ठांनी माणसांच्या आठवणी काढून टाकल्या, फक्त आकडे आणि तथ्यं ठेवली. जे वगळलं गेलं तेच हे पुस्तक, अशी मांडणी. स्टड्स टर्केलने दुसऱ्या महायुद्धाचा जो मौखिक इतिहास केला, ‘द गुड वॉर’, तो ब्रुक्सच्या डोळ्यांसमोर होता. म्हणून हे पुस्तक भयकथेपेक्षा साक्षींच्या जुन्या फायलीसारखं वाचलं जातं. एकाचं बोलणं अर्ध्यावर थांबतं, पान उलटलं की दुसऱ्या खंडातला दुसरा माणूस बोलू लागतो.

आता त्या तासांकडे येतो. चीनमधल्या एका खेड्यात डॉक्टरला बारा वर्षांचा एक मुलगा दाखवला जातो. तिथून सुरुवात. मग एक तस्कर सांगतो की चावा बसलेली माणसं पैसे देऊन सीमेपार कशी पाठवली जात होती. ब्राझीलमधला एक सर्जन सांगतो की चीनहून चोरट्या मार्गाने आलेलं हृदय त्याने रुग्णात कसं बसवलं. दक्षिण आफ्रिकेत उद्रेक दिसल्यावर जग त्याला ‘आफ्रिकन रेबीज’ म्हणून मोकळं होतं, आणि मग अमेरिकेत रेबीजवरची लस ‘फॅलँक्स’ या नावाने धडाक्यात विकली जाते. ही लस या रोगावर चालणार नाही हे विकणाऱ्याला माहीत असतं. तो माणूस, ब्रेक स्कॉट, युद्धानंतर अंटार्क्टिकातल्या एका संशोधन तळावर सुरक्षित बसलेला आहे आणि त्याला कसलाही पश्चात्ताप नाही. मला पुस्तकातल्या कुठल्याही झॉम्बीपेक्षा तो जास्त भयानक वाटतो.

हे सगळं घडतं, कारण रोग हळू आहे. दडवायला वेळ आहे, विकायला वेळ आहे, निवडणुका सांभाळायला आणि ‘घाबरण्याचं कारण नाही’ असं सांगायला वेळ आहे. बारा सेकंदांत उलटणारा रोग कुणाला दडवता येणार? सिनेमात म्हणूनच कुणीच दोषी उरत नाही. संकट आभाळातून कोसळावं तसं एका सकाळी कोसळतं आणि माणसांच्या हातात पळणं तेवढं राहतं. शिवाय इतक्या झटपट उलटणारा रोग विमानाने खंड ओलांडतोच कसा, हेही मला शेवटपर्यंत पटलेलं नाही.

याँकर्सची लढाई घ्या. मला वाटतं गेल्या काही दशकांतल्या युद्धकथांमधल्या सर्वोत्तम प्रकरणांपैकी हे एक आहे. न्यूयॉर्कजवळ अमेरिकेचं सैन्य कॅमेऱ्यांसमोर ताकद दाखवायला उभं राहतं. रणगाडे, क्षेपणास्त्रं, प्रत्येक सैनिकाच्या अंगावर संगणकी यंत्रणा. सगळी तयारी अशा शत्रूसाठी, जो घाबरतो, जखमी होतो, माघार घेतो. इथला शत्रू यातलं काहीच करत नाही. फुप्फुसं फुटली तरी चालतो, पाय गेले तरी सरपटतो, मेंदूवर घाव बसल्याशिवाय थांबत नाही. दारूगोळा संपतो. एकमेकांना जोडणाऱ्या त्या यंत्रणेमुळे पुढच्या सैनिकाची किंकाळी मागच्या प्रत्येकाच्या कानात जाते आणि भीती क्षणात सगळ्या फौजेत पसरते. हे सांगणारा टॉड वेनिओ साधा पायदळातला शिपाई आहे. आणि पुढे तेच सैन्य जिंकतं ते कसं? साध्या रायफली, चौफेर रांगा, ठरलेल्या संथ लयीत एक गोळी, एक डोकं, आणि जवळच्या झुंजीसाठी फावडं आणि कुऱ्हाड यांच्या मधलं एक हत्यार. हा बदल घडायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं पुस्तकात जाणवतात. सिनेमात लढाया भरपूर आहेत, पण सैन्य काही शिकलं असं एकाही लढाईत दिसत नाही.

आणि रेडेकर योजना. ही सिनेमात घेतलीच नाही, याचं दुःख मला सगळ्यात जास्त आहे. पॉल रेडेकर हा दक्षिण आफ्रिकेतला माणूस. वर्णभेदाच्या काळात, उठाव झालाच तर गोऱ्या अल्पसंख्याकांना कसं वाचवायचं याचा थंड डोक्याने आराखडा करणारा. झॉम्बी आल्यावर तोच आराखडा बदलून पुढे येतो: सगळ्यांना वाचवता येणार नाही, थोड्यांना सुरक्षित प्रदेशात न्या, बाकीच्यांना मागे वेढलेल्या वस्त्यांमध्ये ठेवा. त्यांना रसद पुरवा, कारण ते जितके दिवस तग धरतील तितके दिवस मृतांचे लोंढे त्यांच्याभोवती अडकून राहतील. जिवंत माणसांचं आमिष. या योजनेचे अवतार मग जगभर स्वीकारले जातात आणि त्यामुळेच मानवजात टिकते. पुस्तक तुम्हाला हे योग्य की अयोग्य ते सांगत नाही. ज्यांना मागे ठेवलं त्यांचेही आवाज ऐकवतं आणि पुढे जातं. मी ते प्रकरण मिटवून बराच वेळ नुसता बसून होतो.

सिनेमाच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण तो वाईट सिनेमा अजिबात नाही. फिलाडेल्फियातली पहिली काही मिनिटं श्वास रोखायला लावतात. रक्त जवळजवळ न दाखवता एवढी भीती उभी करणं सोपं नसतं. संसर्गाचा अभ्यास करायला नेलेला तरुण शास्त्रज्ञ कोरियात विमानातून उतरताच पाय घसरून स्वतःच्याच पिस्तुलाने मरतो, तो क्षण मला फार धाडसी वाटतो. ज्याच्यावर सगळ्यांची आशा होती तो असा निरर्थक जातो. पुस्तकाच्या स्वभावाच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच प्रसंग असेल.

जेरुसलेमचं मात्र बघा. युर्गेन वॉर्मब्रुन हा इस्रायली अधिकारी दोन्हीकडे आहे, भिंतही दोन्हीकडे आहे. सिनेमात आत आलेल्या निर्वासितांच्या गाण्याचा आवाज वाढतो, मृतांचा ढीग भिंतीवर चढतो आणि शहर पडतं. डोळ्यांना ते दृश्य विलक्षण आहे. पण पुस्तकात ती भिंत टिकते. इस्रायल सगळ्यांच्या आधी धोका ओळखतो, स्वतःला कोंडून घेतो, पॅलेस्टिनींना आत घेतो, जेरुसलेमवरचा हट्ट सोडतो, आणि मग आतूनच पेटतो. तिथल्या कडव्या धार्मिक गटांना हे सहन होत नाही आणि यादवी होते. धोका भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे, हे दोन्हींनी पार उलट ठरवलं आहे.

सिनेमाचा शेवटचा भाग मुळात वेगळा होता. रशियात मोठी लढाई चित्रित केली होती, ती बाजूला ठेवून डेमन लिंडेलॉफ आणि ड्रू गोडार्ड या पटकथाकारांकडून नवा शेवट लिहून घेतला. वेल्समधली प्रयोगशाळा, शांत कॉरिडॉर, हळू पावलं. खर्चाने फुगलेल्या सिनेमाचा शेवट इतका लहान आणि आवरलेला आहे याचं मला कौतुक वाटतं. मृत आजारी माणसाला टाळतात, म्हणून मुद्दाम बरा होणारा आजार टोचून घ्यायचा, ही कल्पनाही चांगली आहे. मात्र ती एका माणसाला सुचते, तोच ती स्वतःवर करून बघतो आणि जगाला वाट सापडते. शेवटी गेरी म्हणतो की हा शेवट नाही, अजून खूप बाकी आहे. तिथे सिनेमा संपतो, आणि पुस्तकातला मला सर्वांत प्रिय भाग नेमका त्या ‘बाकी’बद्दल आहे.

अमेरिकेत रॉकी पर्वतांच्या पश्चिमेला कोंडलेल्या समाजाचं काय करायचं हे सरकारी साधनसामग्री खात्याचा प्रमुख आर्थर सिंक्लेअर सांगतो. उपलब्ध नागरिकांपैकी ६५ टक्क्यांहून जास्त लोकांकडे त्या परिस्थितीत उपयोगी पडेल असं एकही कौशल्य नव्हतं. सल्लागार, विश्लेषक, मोठ्या पगाराचे अधिकारी. त्यांना सुतारकाम, बागकाम, नळदुरुस्ती शिकवायला कालपर्यंत त्यांच्याच घरी राबणारी माणसं आली. याच भागात एक सिनेदिग्दर्शक आहे. लोक रात्री झोपतात आणि सकाळी नुसत्या निराशेने मेलेले सापडतात, हे बघून तो कॅमेरा उचलतो आणि लढणाऱ्या माणसांचे लघुपट काढत सुटतो. सिनेमा नावाची गोष्ट जगायला किती लागते, हे पुस्तकाने सांगितलं आणि सिनेमाने गाळलं, याची मला खरोखर खंत आहे.

पुस्तकात दोष आहेत. बरेच आवाज एकसारखे येतात. जपानी माळी असो वा रशियन सैनिक, अधूनमधून सगळ्यांच्या तोंडी एकच अमेरिकन लेखक बोलतो. भारताच्या वाट्याला अलंगच्या जहाजतोडणीच्या किनाऱ्यावरची घबराट आणि हिमालयातली खिंड उडवणारा जनरल राजसिंग येतो. दोन्ही प्रसंग जोरकस आहेत, पण तिथली माणसं आणखी थोडी उलगडायला हवी होती.

हा दोष ध्वनिपुस्तकाने बराच भरून काढला. तिथे जवळपास प्रत्येक व्यक्तीला वेगळा कलाकार आहे: टॉड वेनिओला मार्क हॅमिल, सिंक्लेअरला अ‍ॅलन अल्डा, वॉर्मब्रुनला कार्ल रायनर. या गोष्टीला नायक लागत नाही, हे तिथे स्वच्छ ऐकू येतं. म्हणून कुणी पुन्हा हे पडद्यावर आणणार असेल तर माझी मागणी साधी आहे. मालिका करा, एका भागात एक मुलाखत, समोर बसलेलं माणूस आणि त्याच्या आठवणीतली दृश्यं. रोगाला त्याचे तास परत द्या. आणि पहिल्याच भागात ब्रेक स्कॉटला बोलू द्या, मधे कुणी त्याला अडवू नका.