ड्रोन-एआयच्या जमान्यात शस्त्रकरार म्हणजे रद्दी? तपासून पाहू

लातूर-नांदेडकडच्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर ‘मुलाखतीसाठी महत्त्वाचे’ म्हणून फिरतोय. त्यात दावे चार: शस्त्रकरार कुणीच पाळत नाही, ड्रोन-एआयवर नियंत्रण अशक्य, यंत्र माणसापेक्षा कमी चुकतं, म्हणून निर्णय त्यालाच द्यावा, आणि भारत या भानगडीपासून लांब आहे तेच बरं. भाषा ठसकेबाज, आकडा एकही नाही.

करार मोडतात, हे खरंच. अमेरिका-सोव्हिएत संघाचा 1987 चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार 2019 मध्ये संपला. पण त्याआधी 2,692 क्षेपणास्त्रं नष्ट झाली होती, ती परत आली नाहीत. रासायनिक अस्त्रांचा जाहीर साठा भारताने 2009 पर्यंत संपवला, अमेरिकेने 2023 मध्ये. डोळे कायमचे घालवणाऱ्या लेझर शस्त्रांवर तर 1995 मध्येच बंदी आली, ती रणांगणावर रुळण्याआधी.

दुसरा दावा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. क्षेपणास्त्राचे तळ उपग्रहातून मोजता येतात, सॉफ्टवेअर मोजता येत नाही. मागे रात्री ड्रोन दिसल्याच्या चर्चेने बीड-जालन्याकडची गावं जागली. वर फिरणारं काय घेऊन फिरतंय हे खालून कळणार कसं? तपासनीसांची अडचण याहून मोठी. यंत्र हातात दिलं तरी लक्ष्य कोण निवडतं, माणूस की प्रोग्राम, हे सांगाड्यावरून दिसत नाही आणि एका अपडेटने बदलूही शकतं. क्षेपणास्त्रं आणि ड्रोन यांच्या निर्यातीला लगाम घालणाऱ्या ‘क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थे’ची सर्वांत कडक बंधनं 300 किलोमीटर पल्ला आणि 500 किलो भार यांपासून पुढे लागतात. युक्रेनमध्ये रणगाडे फोडणारे स्वस्त ड्रोन त्याच्या कितीतरी खाली.

पण ‘मोजता येत नाही’ म्हणजे ‘नियम करता येत नाही’ असं नव्हे. नियम वापरावर करता येतो: कुठलं लक्ष्य, किती क्षेत्र, किती वेळ, हुकूम कुणाचा. तपासणीविना तो कमकुवत राहील, हे मान्य; 1972 च्या जैविक अस्त्र कराराचं तेच झालं. उलट जे डोळ्यांना दिसतं ते नवं असलं तरी तपासता येतं. रशियाने आपलं हायपरसॉनिक (आवाजाच्या पाचपटींहून वेगवान) ‘अव्हानगार्ड’ अस्त्र 2019 मध्ये अमेरिकी निरीक्षकांना दाखवलं, ते दोन्ही देशांतल्या ‘न्यू स्टार्ट’ या अण्वस्त्र-मर्यादा कराराखालीच.

‘यंत्र कमी चुकतं’ म्हणणाऱ्यांनी 26 सप्टेंबर 1983 ची रात्र वाचावी. सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा दिला. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हने तो खोटा मानला. ढगांवर चमकलेल्या उन्हाने यंत्रणा फसली होती. अण्वस्त्रांचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, यावर नोव्हेंबर 2024 मध्ये बायडन आणि शी जिनपिंग यांचंही एकमत झालं. या दोघांचं एरवी कशावर जुळतं?

आणि भारत लांब? 2016 मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान व्यवस्थेत, 2017 मध्ये शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत आपण सामील झालो. स्वायत्त, म्हणजे लक्ष्य स्वतःच निवडणाऱ्या शस्त्रांवरच्या जिनिव्हातल्या सरकारी तज्ज्ञगटाचे पहिले अध्यक्ष भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल होते. डिसेंबर 2023 मध्ये याच विषयावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या ठरावावर 152 देश बाजूने आणि चार विरोधात गेले. त्या चारांत रशिया, बेलारूस, माली यांच्यासोबत भारत होता. ही चर्चा आमसभेत नव्हे, जिनिव्हातल्या तज्ज्ञगटातच व्हावी, असं आपलं म्हणणं. मला ते मत पटलेलं नाही. पण ते चर्चेत बसून मांडलेलं आहे, दारातून माघारी फिरून नव्हे.