एका गावात दोन चॅपलं का होती, ते राहून गेलं

‘लोकांची श्रद्धा आटली म्हणून खेड्यांतली मेथडिस्ट चॅपलं विकली गेली आणि त्यांची घरं झाली’ हे जुन्या चॅपलांवरच्या लेखातलं वाक्य मला अपुरं वाटतं. (मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ, आणि चॅपल म्हणजे त्यांचं छोटं प्रार्थनामंदिर.) इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधल्या आमच्या छोट्याशा गावात दोन चॅपलं होती, एक वेस्लियनांचं आणि दुसरं बायबल ख्रिश्चनांचं. दोघेही मेथडिस्टच, पण उपपंथ वेगळे, म्हणून इमारतीही वेगळ्या. पुढे १९०७ साली बायबल ख्रिश्चन हे युनायटेड मेथडिस्ट या गटात गेले आणि १९३२ साली वेस्लियन, प्रिमिटिव्ह व युनायटेड हे तिन्ही मेथडिस्ट गट एक झाले. म्हणजे हाकेच्या अंतरावर एकाच चर्चच्या दोन इमारती! कितीतरी गावांनी जिद्दीने दोन्ही चालू ठेवल्या, पण छपरं दोन आणि वर्गणी देणारी घरं तीच. हे कुठवर चालणार?

आम्ही राहतो ते दुसरं, बायबल ख्रिश्चनांचं चॅपल. उंच कमानीची खिडकी मधल्या मजल्याने कापली आहे. खालचा भाग स्वयंपाकघरात, कमान मुलीच्या खोलीत. गॅलरीच्या कठड्याचा रंग खरवडताना आत पेन्सिलीने लिहिलेले स्तोत्रांचे क्रमांक निघाले, ते आम्ही तसेच ठेवलेत. बायबल ख्रिश्चनांमध्ये अगदी सुरुवातीच्या काळापासून बायकाही प्रवचन करत, हेही लेखात यायला हवं होतं. जिथे त्या उभ्या राहत असतील, तिथे आज आमचं जेवणाचं टेबल आहे.