साडूचे मासे

साडू हे नातं मोठं अवघड. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर आपण निवडलेला नाही. एकाच सासऱ्याच्या मांडवातून दोन वेगवेगळ्या वर्षी बाहेर पडलेले आम्ही दोघे, एवढाच काय तो संबंध. माझा साडू राजारामपुरीत राहायचा आणि मी शिवाजी पेठेत, त्यामुळं हे अंतर बेताचं होतं. अशात एके दिवशी त्याचा फोन आला.

"पुण्याला बदली झाली. सगळं सामान ट्रकात बसलं, मासे तेवढे राहिलेत. तुमच्याकडं चालतील न्हवं?"

नाही म्हणायची सोय नव्हती. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी बायको उभी होती.

या माशांना पूर्वपीठिका आहे. कुणा वास्तुवाल्यानं साडूला सांगितलं होतं की आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा असा संच ठेवा, घरावरची पीडा मासे अंगावर घेतात. नवातले सहा मासे वर्षा-दीड वर्षात गेले. प्रत्येक वेळी मेव्हणी म्हणायची, "गेलं बाई, एक संकट गेलं." मासे उपाशी आणि घाणीत मेले, असं तिला कुणी सांगितलं नाही. सहा संकटं गेल्यावर बदली आली, ती मात्र उरलेल्या तिघांना अडवता आली नाही.

मी टँक बघायला गेलो तर मासे दिसेनात. पाण्याचा रंग चहा आणि काढा यांच्या मधला. मेव्हणीनं काचेवर बोट ठेवून, शेतातली विहीर दाखवावी तसं, "हितं कुठंतरी असतील," असं सांगितलं. फिल्टर होता, पण रात्री बंद असायचा, कारण त्याच्या गुळगुळीनं साडूला झोप लागत नसे. पाणी? "आटलं की वरनं घालतो की." बदलत कधी? यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात तळातून वीतभर लांबीचं काहीतरी काळं उठलं आणि काचेला तोंड लावून बसलं. तो सकर मासा. 'हा टँक साफ ठेवतो, मालक,' असं सांगून दुकानदारानं गळ्यात मारलेला. तो शेवाळ थोडं खातो आणि घाण भरपूर करतो, हे मला पुढं कळायचं होतं.

कोल्हापुरात रिक्षा म्हणजे नुसतं वाहन नव्हे. इथं सुंदर रिक्षांच्या स्पर्धा होतात. मला मिळालेल्या रिक्षात आरसे, झालर, लायटिंग आणि मखमली सीट होती. मालकानं दोन झाकलेल्या बादल्यांकडं आणि टँककडं बघितलं आणि म्हणाला, "पावनं, सीटवर थेंब सांडला तर मासं ऱ्हाऊ द्या, तुम्हाला टँकात बसवीन." बिंदू चौकापर्यंत मी दोन्ही बादल्या मांडीवर घेऊन, प्रत्येक स्पीडब्रेकरला श्वास रोखून बसलो होतो. घरी उतरताना त्यानं बादलीचं झाकण उचलून आत वाकून बघितलं आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "लई हाल झाल्यात वो बिचाऱ्यांचं." आणि वीस रुपये जादा घेतले.

घरी बायको घासणी आणि भांड्याची पावडर घेऊन तयारच होती. टँक अंगणात, घासूनपुसून लख्ख, ताजं पाणी, अर्ध्या तासात विषय संपला, असा तिचा बेत. माझाही तोच होता. इतक्यात भाचा आला. तो शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायॉलॉजी शिकतो. आजवर त्याच्या शिक्षणाचा घराला उपयोग म्हणजे दह्याला विरजण नीट लागलं नाही की कारण सांगणं, एवढाच होता.

"मामा! हात लावू नका!"

त्यानं समजावलं ते असं. माशाच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात. ते त्यामानानं सोसतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे सगळे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजात, वाळूत आणि काचेवर राहतात.

"कोण सोमण?" आईनं विचारलं. तिला एका कानानं कमी ऐकू येतं.

"नायट्रोसोमोनास, आज्जी."

"तेच. सोमण. ऱ्हाईनात का बापडे. भाडं देतात का?"

तेव्हापासून आमच्या घरी बॅक्टेरियांना सोमण म्हणतात. सोमण मंडळींना चोवीस तास ऑक्सिजन लागतो. साडू रोज रात्री फिल्टर बंद करून त्यांचा गळा आवळत होता. आणि आता आम्ही त्यांच्या बिऱ्हाडावर भांड्याची पावडर टाकणार होतो.

"मग निदान पाणी तरी सगळं बदलूया," बायको म्हणाली. कुठल्याही शहाण्या माणसाला हेच सुचेल. पण मेख तिथंच होती. भाच्यानं टेस्ट किट आणलं होतं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. आम्लता बघायच्या नळीत पाणी पिवळंधमक झालं, म्हणजे पीएच, पाण्याच्या आंबटपणाचं माप, सहा किंवा त्याच्याही खाली; सातच्या खाली पाणी आंबट. वर्षानुवर्षं न बदललेलं पाणी असं आंबत जातं. नायट्रेटची नळी हलवून ठेवली, पाच मिनिटांनी बघतो तर लालभडक. वर कट आलेला तांबडा रस्साच. आम्ही सगळे गप्प झालो. भाचा म्हणाला, आंबट पाण्यात सोमणही सुस्तावतात, अमोनिया साचतो, पण निरुपद्रवी रूपात पडून राहतो. तुम्ही नळाचं चांगलं पाणी एकदम ओतलंत, आंबटपणा गेला, की तोच अमोनिया पुन्हा विषारी. वर मासे इतके दिवस या घाणीला सरावलेत, त्यांच्या अंगाला एवढा फरक एकदम झेपत नाही.

"म्हणजे चांगल्या पाण्यानं मरतील?"

"चांगल्या पाण्यानं नाही. घाईनं."

श्रावण कडक पाळलेला माणूस पहिल्याच दिवशी मटणाच्या चार ताटांवर बसला की त्याचं काय होतं, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. आईला ते लगेच पटलं.

ठरलं ते असं: रोज दहा टक्के. दोन फुटी टँक, वाळू वगैरे वजा जाता पन्नास लिटर पाणी, म्हणजे रोज पाच लिटर काढायचं आणि पाच घालायचं. ऐकायला सोपं आहे. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते सोमणांना आणि माशांच्या कल्ल्यांना चालत नाही. म्हणून उद्याचं पाणी आजच उघड्या बादलीत भरून ठेवायचं, किंवा त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकायचे. मी थेंबांचे पैसे वाचवायला बादलीचा मार्ग धरला. तिसऱ्या दिवशी त्या बादलीत माझेच बनियन भिजत घातलेले सापडले. चौथ्या दिवशी आईनं ते पाणी पायावर घेतलं. पाचव्या दिवशी मी बादलीवर खडूनं 'मासे' असं लिहिलं, तर दारात आलेल्या कोळिणीनं आत वाकून बघितलं आणि "कुठनं आणलासा?" म्हणून मला जाब विचारला. सहाव्या दिवशी मी थेंब आणले.

स्पंज धुण्यावरून तर घरात दोन दिवस अबोला होता. तो नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्यातच हलका पिळायचा, नाहीतर सोमणांचा वंश बुडाला. "घाण स्पंज घाण पाण्यात धुणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघितला," असं बायकोनं तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं. म्हणजे जिनं ही ब्याद दिली तिलाच.

याच सुमारास माशांची नावं पडली. लाल तो तांबडा. दुसरा अंधारात राहून रंग उडालेला, तो पांढरा. आणि काळा, फुगीर डोळ्यांचा, गोळा झालेला, तो अर्थातच सुकं. ताट पूर्ण झालं. राहिला सकर. दिवसभर काचेला चिकटून असतो म्हणून मी त्याला साडू म्हणायला लागलो. खासगीत. पण घरात खासगी काही राहत नाही. एकदा बायको नेहमीप्रमाणं बहिणीशी बोलत होती आणि बोलता बोलता म्हणून गेली, "आमच्या ह्यांचा साडू काय, दिवसभर तोंड लावून पडलेला असतो, रात्री सगळे झोपले की उठून खातो, आणि घाण तर इतकी करतो..." पलीकडं बराच वेळ शांतता होती, असं ती सांगते.

खाण्याचा प्रश्न पाण्याहून बिकट निघाला. गोल्डफिशला जठरच नसतं. तोंडातून गेलेलं सरळ आतड्यात. म्हणून दोन मिनिटांत संपेल एवढंच घालायचं, उरलं तर काढून टाकायचं. आणि ते तर माणूस दिसला की काचेशी येऊन तोंडाची उघडझाप करणार. आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हे आमच्या आईचं व्रत.

"आई, त्यांना पोटच नसतं."

"पोट नाही? मग एवढी भूक कशाची लागती?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती पोळीचा चुरा, शेवया, एकदा तर पुरणाचा कण घालताना सापडली. शेवटी भाच्यानं सांगितलं, आठवड्यातून एक दिवस त्यांना लंघन चांगलं. लंघन म्हटल्यावर आईचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवसापासून सोमवार माशांचा. शिवाय महिन्याच्या दोन्ही एकादश्या. त्या दिवशी ती स्वतः टँकपाशी पहारा देते.

ते पुरण भोवलं सुक्याला. एका रात्री बघतो तर तो उलटा, पोट वर. मला दरदरून घाम फुटला. पंधरा दिवसांपूर्वी ज्या माशाचं तोंड पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी एवढं का व्हावं, मला कळेना. भाच्याला फोन लावला. कल्ले हलतायत म्हणजे जिवंत आहे, म्हणाला. बद्धकोष्ठ असेल. पोट फुगलं की गोल्डफिशचा तोल जातो. एक-दोन दिवस उपाशी ठेवा, मग मटार उकडून, साल काढून, बारीक करून द्या. मटारचा मोसम नव्हता. दोन दिवसांनी रात्री अकराला मी आणि बायको स्वयंपाकघरात वाळला वाटाणा उकडून, चष्मा लावून त्याची सालं काढत होतो. लग्नाला बावीस वर्षं झाली, इतक्या एकचित्तानं आम्ही दोघांनी मिळून काही केल्याचं आठवत नाही. सकाळी सहाला आईची हाक आली, "झालं रे बाबा, मोकळं झालं!" सगळं घर काचेला नाक लावून एका हिरव्या दोऱ्याकडं कौतुकानं बघत होतं. सुकं सुलटं झालं होतं.

कट्ट्यावर हे सांगायला नको होतं. पेठेतल्या कट्ट्यावर प्रत्येक दुखण्यावर इलाज असतो आणि तो दरवेळी एकच असतो. "कशाला एवढा कुटाणा? सोड की रंकाळ्यात." दुसरा म्हणाला, "रंकाळ्यात कशाला, तळ की." तळायच्या सूचनेत निदान रंकाळ्याचं वाटोळं नव्हतं. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. हौशी लोकांनी असेच 'सोडलेले' सकर आपल्याकडं उजनी धरणापर्यंत पोचलेत. कोळ्यांच्या जाळ्यात येतात, काटेरी अंगानं जाळी फाडतात, बाजारात त्यांना दाम नाही. मी हे सगळं सांगितलं. कट्टा ऐकून घेतो, मत बदलत नाही.

दीड महिन्यानं नायट्रेटची नळी केशरी झाली, आम्लतेची निळसर. पाण्यापलीकडची भिंत दिसायला लागली. ती रंगवायला झाली होती हेही दिसलं. काढलेलं पाणी मी झाडांना घालत होतो. नायट्रेट म्हणजे शेवटी खतच. जास्वंद अशी फुलली की शेजारच्या काकू रोज सकाळी तांब्या घेऊन "माशाचं तीर्थ" मागायला येऊ लागल्या. मग भाच्यानं हळूच सांगितलं की खरं म्हणजे दोन फुटी टँक तीन गोल्डफिशना अपुराच, सकर तर दीड फुटापर्यंत वाढतो. टीव्हीच्या जागी आता चार फुटी टँक आहे, अडीचशे लिटरचा. जुना स्पंज तसाच नव्या फिल्टरात घालून सोमण मंडळींचं स्थलांतर केलं. किंमत मी हिला निम्मी सांगितली आहे, तेव्हा हा लेख तिच्यापर्यंत पोचू नये एवढी विनंती.

नवरात्रात साडू सहकुटुंब अंबाबाईच्या दर्शनाला आला. टँकसमोर उभा राहिला. पांढऱ्याच्या पाठीवर केशरी झाक आली होती, तांबडा झळाळत होता, सुकं पडद्यासारखी शेपटी हलवत हिंडत होतं. साडूला आपले मासे पहिल्यांदाच नीट दिसत होते.

"आयला, आमचंच काय हे? पुण्यात फ्लॅट मोठा घेतलाय. हॉलमध्ये ईशान्येला जागा पण आहे." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "म्हटलं, परत न्यावं का?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी काचेला चिकटलेल्या साडूकडं बघितलं. कुणालाच काही सुचेना. आई उठली, न्हाणीघरात गेली आणि सकाळी काढलेल्या जुन्या पाण्याची पाच लिटरची बादली उचलून साडूच्या हातात दिली.

"एकदम न्यायचं नसतं, बाबा. सोसत नाही. आज एवढं न्या, उद्या परत या."