पाऊण तासाचा हिशेब

ताईच्या मुलाचं साक्षगंध नागपूरला, संध्याकाळी सहाला. आमच्या बाबांनी जुना शालेय नकाशा पलंगावर पसरला, पुणे-नागपूरवर फूटपट्टी ठेवली, खालच्या प्रमाणपट्टीशी ताडून पाहिली आणि चष्मा कपाळावर नेऊन निकाल दिला, "सरळ रेषेत 600 किलोमीटर. विमान ताशी 800 नं जातं. पाऊण तास. चारला निघालो तरी चहा तिकडे."

मी दीडचं विमान घेतलं. तिकिटावर प्रवास एक तास वीस मिनिटांचा. बाबांना ते फार खटकलं. "वरची पस्तीस मिनिटं करतात काय?"

म्हटलं, बाबा, ही वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर थांबलं की संपते. मधे धावपट्टीपर्यंत सरपटणं, रांग, चढणं, उतरणं. 800 चा वेग फक्त मधल्या तुकड्यात.

"म्हणजे एसटीसारखंच. स्वारगेटला बसलो तरी कात्रज येईपर्यंत प्रवास सुरू झाला म्हणायचं नाही."

कोथरूडहून साडेदहाला निघालो. लोहगाव वीस किलोमीटरसुद्धा नाही. येरवड्याला गुंजन चौकात कॅबवाल्यानं इंजिन बंद करून मोबाइल काढला, तेव्हा आम्ही समजायचं ते समजलो. बाबा मात्र खिडकीतून चालणारी माणसं मोजत होते. आम्हाला मागे टाकून गेलेली.

बाराला पोचलो. सामान देताना काउंटरवरच्या मुलीनं सहज विचारलं, "बॅगेत सुकं खोबरं आहे का?"

"आहे ना," बायको अभिमानानं म्हणाली, "अकरा वाट्या. ओटीच्या."

खोबऱ्यात तेल असतं, ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही. हे मला माहीत होतं, पण घरात सांगायचा धीर कोणाला? मग भर रांगेत बॅग उघडली. वर पैठणी, खाली बाबांचं धोतर, त्याखाली बाकरवडी, आणि वाट्या अर्थातच तळाशी. मागचे गृहस्थ घड्याळ न बघता फक्त सुस्कारे टाकत होते, पुणेकर असावेत. टाकून देणं जिवावर आलं, म्हणून कोणाला तरी सोडायला आलेल्या एका आजोबांच्या पिशवीत वाट्या रिकाम्या केल्या. त्यांनी आधी वास घेतला, मग आभार मानले.

विमान तासभर उशिरा हललं आणि पुन्हा थांबलं. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. आधी त्यांची विमानं, मग आपण. दोन सुखोई कानठळ्या बसवत गेली. बाबा म्हणाले, "यांच्यासाठी थांबायला हरकत नाही," आणि चाकं सुटताच मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चाकं टेकली तेव्हा 58 मिनिटं झाली होती. नकाशापेक्षा तेरा जास्त. ती त्यांनी वैमानिकाच्या खाती मांडली.

ताईच्या दारात पाच वाजले. बाबा पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं भागाकार करत होते. साडेसहा तास, ताशी 92. समृद्धीवर मोटारीला 120 ची मुभा आहे.

ताईच्या सासूबाई पाणी घेऊन पुढे आल्या. "विमानानं आले न जी तुम्ही? मंग चेहरे एसटीनं आल्यासारखे काहून दिसतेत?" आणि बायकोकडे वळून, "खोबरं कुठी हाय, बाई?"