सापांची ओळख शिकवायला जिवंत साप कशाला?

सर्पओळखीच्या कार्यशाळा गावोगावी व्हाव्यात असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्यांतला एक प्रकार आता बंद व्हावा असेही वाटते. पिशवीतून नाग काढला जातो, त्याने फणा उभारला की मुले टाळ्या वाजवतात, सगळ्यांचे मोबाइल वर होतात आणि तासाभरात कार्यक्रम आटोपतो. पकडणाऱ्याचे धाडस तेवढे लक्षात राहते. पट्टे कुठून सुरू होतात, डोक्यावर कोणती खूण आहे, यातले काहीच राहत नाही. सापापासून लांब राहायला शिकवायचे आणि त्यासाठी साप लोकांच्या जवळ आणायचा, हे मला कधीच पटलेले नाही. अशा खेळांतूनच काही मुले हातात काठी घेऊन साप धरायला निघतात, आणि दंशाने सर्पमित्र दगावल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लक्षात घेता सापांचे असे प्रदर्शन मांडणे कायद्यालाही धरून नाही.

प्रात्यक्षिक मात्र हवेच, कारण केवळ भाषण ऐकून कोणाचीही नजर तयार होत नाही. वनविभागाच्या संमतीने जमवलेल्या काती, खऱ्या आकाराची मोठी छायाचित्रे आणि प्रत्येकाच्या हातात एक भिंग, एवढ्यावर उत्तम कार्यशाळा होते. मण्यार आणि कवड्या हीच जोडी घ्या. घराच्या भिंतीवर पाली शोधत चढणारा बिनविषारी कवड्या आपल्याकडे मण्यार समजून सर्रास मारला जातो. मण्यारचे पांढरे, बारीक, बहुधा जोडीने असणारे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेजवळच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारच्या पाठीच्या मध्यावर षटकोनी, मोठ्या खवल्यांची एक रांग असते, कवड्याला ती नसते. कातेवर रंग फारसा उरत नाही, पण खवल्यांची मांडणी जशीच्या तशी उतरते. म्हणून घरात सापडलेल्या कातेवरून कोण येऊन गेले याचा अंदाज बांधता येतो, आणि ती रांग ज्याने एकदा भिंगातून स्वतः शोधली तो ती विसरत नाही.

विषारी घोणस आणि तिच्यासारखाच दिसणारा बिनविषारी डुरक्या घोणस यांच्या छायाचित्रांवरही असाच वेळ द्यावा. घोणसच्या अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. डुरक्याचे डाग वेडेवाकडे आणि शेपूट आखूड असते. कोकणातल्या कार्यशाळेत फुरशाला अधिक वेळ हवा, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कातळावर त्याच्याशी रोजची गाठ असते. त्याच्या डोक्यावरची बाणासारखी पांढरी खूण छायाचित्रात दाखवावी आणि अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून होणारा करकर आवाज ध्वनिफितीवरून ऐकवावा. या सगळ्याबरोबर एक नियम पुन्हा पुन्हा सांगायला हवा: ओळख पटली नाही तर साप विषारीच समजावा आणि दूर व्हावे.

ही ओळख डॉक्टरांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्रितपणे काम करते आणि उपचार प्रामुख्याने लक्षणांवरून ठरतात, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्याचे कारणच उरत नाही. (सह्याद्रीतला चापडा हा विषारी साप या चौघांत बसत नाही, तिथल्या कार्यशाळेत त्याचा वेगळा उल्लेख हवा.) मण्यारचा दंश अनेकदा दुखत नाही, सुजत नाही, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना अपचन वाटते. हे शिकवायला अर्धा तास गेला तरी चालेल. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे हे सारे टाळून दंश झालेला अवयव स्थिर ठेवायचा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची, हे सहभागींकडून एकमेकांवर करून घ्यावे.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतली बहुतेक खेड्यांतली होती. तरीही आपल्या कार्यशाळा बहुतांशी शहरातल्या हौशी मंडळींसाठी, रविवारी सकाळी आणि शुल्क आकारून होतात. त्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीवर, भातलावणीच्या आधी वाडीवर, आशा सेविकांच्या बैठकीत आणि आश्रमशाळांच्या वसतिगृहांत व्हायला हव्यात. वेळ दिवेलागणीनंतरची असावी, कारण मजूर तेव्हाच मोकळे असतात आणि विजेरीच्या उजेडात वाट कशी पाहावी हेही तेव्हाच दाखवता येते. प्रमाणपत्रे आणि सत्कारांवर होणारा खर्च वाचवून त्याच पैशांत गमबूट आणि मच्छरदाण्या वाटाव्यात; नीट खोचलेली मच्छरदाणी रात्री अंथरुणात येणाऱ्या मण्यारलाही अडवते.