कपाशीचं नाव बदललं

एसटी थांब्याला लागून माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. निम्मा दिवस लोकांच्या नावांत जातो. सातबाऱ्यावर 'पुंजाराम', आधारवर 'पुंजाजी', बँकेत नुसताच 'पुंजा'. मग पीकविमा अडतो अन् माणूस माझ्या बाकावर येऊन बसतो. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, असं सगळ्यांना सांगणारा मी. अन् माझ्याच दुकानात कम्प्युटरनं परस्पर नाव बदललं. ना अर्ज, ना अंगठा.

कम्प्युटर दोन. भाच्यानं एकाचं नाव 'कपाशी' ठेवलं, दुसऱ्याचं 'तूर'. प्रिंटर कपाशीला जोडलेला. तुरीनं तिला नावानं हाक मारायची, की कागद बाहेर. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, म्हणून कपाशीवर 11 चढवायला घेतलं. 64 टक्क्यांवर लाइन गेली. इन्व्हर्टरनं दोनदा टुंई केलं अन् मान टाकली. लाइन आल्यावर कपाशी नुसतीच गोल गोल फिरू लागली, तेव्हा मी स्वतःच्या अकलेनं 'फाइली ठेवून रीसेट' दाबलं.

फाइली राहिल्या. प्रिंटर नव्यानं शेअर केला. तरी तूर म्हणे, प्रिंटर सापडत नाही. केबल काढून फुंकर मारली. राऊटर बंद-चालू केला. उदबत्ती ओवाळली, रोजचीच, पण आज जरा जवळून. अन् दर खेपेला तुरीवरून प्रिंट दाबून पाहिलं. बाकावरचे काका सुपारी कातरत म्हणाले, "काऊन गा, मशीन बिमार हाय काय?"

शेवटी नागपूरला भाच्याला फोन. "मामाजी, कपाशीवर आदेश लिहायच्या काळ्या खिडकीत होस्टनेम लिहून पाहा बरं."

लिहिलं. कपाशीनं स्वतःचं नाव सांगितलं: डेस्कटॉप, मग आडवी रेघ, अन् पुढं सात अक्षर-आकड्यांची खिचडी. रीसेटनंतर नवं नाव कोणी दिलं नाही, तर विंडोज स्वतःच असं काहीतरी ठेवून देतं. आपल्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात तेव्हा निदान ताटात तांदूळ पसरून ते लिहितात, चारचौघांना पेढे देतात. इथं शेजारच्या तुरीलाही पत्ता नाही! ती बिचारी सकाळपासून जुन्याच नावानं हाका मारत होती.

सेटिंगमध्ये जाऊन नाव बदलायला बसलो. म्हटलं, नवा जन्म आहे तर 'कपाशी 2' ठेवू. मधली मोकळी जागा चालेना. नुसते आकडेही चालत नाहीत म्हणे. निमूटपणे 'कपाशी' लिहिलं अन् रिस्टार्ट मारलं.

दोन मिनिटांत प्रिंटर खडखडला. सकाळपासून दाबलेलं सगळंच बाहेर येऊ लागलं: काकांचा सातबारा, अकरा प्रती, अकराही ठिकाणी 'पुंजाराम'.

काकांनी गठ्ठा हातात घेतला, कम्प्युटरकडं पाहिलं.

"याचं नाव झालं दुरुस्त?"

"झालं."

"मंग माह्यं बी एकडाव रिस्टार्ट मारून दे ना गा."